मिस नोलियाची रांग

न्यू ऑर्लिन्सजवळच्या टिबोडो गावात वाढलेल्या चाळिशीच्या आतबाहेरच्या कुठल्याही माणसाला विचारा, त्याने माझ्या नॅननच्या हातचा राजमा-भात खाल्लेला असतो. आमच्याकडे धर्ममातेला नॅनन म्हणतात. बाप्तिस्म्याच्या दिवशी तिने मला हातात धरलं, ती पकड तिने आजवर काही सोडलेली नाही. तिचं नाव नोलिया दुगा. गावासाठी ती मिस नोलिया.

अडतीस वर्षं तिने शाळेच्या जेवणघरात काढली. स्वयंपाक चौघी मिळून करायच्या, पण रांग हिची. चारशे पोरं, तीन पाळ्या आणि हातात लांब दांड्याचा डाव. तो डाव तिने कधी कुणावर उगारला नाही, नुसता धरून उभी राहायची. सातवीतली दांडगट पोरंसुद्धा तिच्यासमोर आली की शर्ट आत खोचायची. कुणी उशिरा आलं, शिक्षा भोगून आलं, बाथरूममध्ये रडून आलं, तरी त्याचं ताट झाकून ठेवलेलं असायचं. आणि ती स्वतः सगळ्यांत शेवटी जेवायची. बहुतेक वेळा उभ्यानेच.

तिचे यजमान म्हणजे आमचे नॉन्क आल्सीड. नॉन्क म्हणजे काका. कोळंबीच्या बोटीचे तांडेल. बोटीचं नाव ‘एस्टेल’, त्यांच्या आईवरून ठेवलेलं. नॉन्कची खरी ओळख म्हणजे त्यांचा आवाज. पहाटे बोटींच्या रेडिओवर ते सुरू झाले की खाडीतल्या पन्नास बोटी कामधाम सोडून ऐकत बसायच्या. कुणाचं जाळं फाटलं, कुणाची सासू आली, कुठे कोळंबी आहे (हे बहुतेक खोटं), सगळं त्यांच्या तोंडून ऐकायचं. नॅनन म्हणायची, हा माणूस झोपेतसुद्धा स्वल्पविराम घेतो, पूर्णविराम कधीच घेत नाही.

एका ऑक्टोबरात त्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला. पाय काठीच्या आधाराने चालायला लागला. पण उजवा हात लुळा पडला आणि जीभ जड झाली. घरातल्यांना त्यांचं बोलणं कळायचं, परक्याला दोनदा विचारावं लागायचं. ते दुसऱ्यांदा विचारणं नॉन्कनी असं काही मनाला लावून घेतलं की ते परक्याशी बोलेनासेच झाले. मग चर्चला जाणं बंद झालं. धक्क्यावर जाणं बंद झालं. दार वाजलं की ते आतल्या खोलीत जायचे. चौदा महिने असे गेले. बोट पुतण्याला देऊन टाकली, ती देतानाही ते खिडकीतूनच बघत होते.

लग्नाला पन्नास वर्षं होत होती. नॅननने कुणालाही न विचारता न्यू ऑर्लिन्सहून सुटणाऱ्या जहाजाची तीन तिकिटं काढली. सात दिवस, मेक्सिकोला जाऊन परत. तिसरं तिकीट माझं. मी दातांच्या डॉक्टरकडे स्वागतकक्षात बसते, माझी रजा तिने परस्पर डॉक्टरांशी बोलून मंजूर करून घेतली. डॉक्टरही तिच्याच रांगेत जेवून मोठा झालेला. तो काय नाही म्हणणार?

तर त्याच फेरीला जाणाऱ्या लोकांनी इंटरनेटवर एक गट केला होता. जहाजावर काठीवाल्या माणसाला आंघोळीची सोय कशी असते, हे विचारायला नॅनन त्यात शिरली. तिथे कुणीतरी लिहिलं होतं: दर वर्षी स्लॉट पुल करणारे गृहस्थ या खेपेला गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे येत नाहीत, तरी हे काम कोण अंगावर घेईल?

शाळेत जेवणाच्या पाळ्यांना स्लॉटच म्हणायचे. नॅननला वाटलं, एवढं मोठं जहाज, एवढी माणसं, जेवायला गर्दी होत असणार, लोकांना पाळ्यांमध्ये ओढून बसवायचं असेल. तिने दोन बोटांनी टाइप केलं: मी करीन. अडतीस वर्षांचा अनुभव आहे.

अडतीस वर्षांचा अनुभव! गट हरखून गेला. संध्याकाळपर्यंत बावीस जणांनी नावं दिली.

दुसऱ्या दिवशी तिने मला बोलावून घेतलं. चेहरा गंभीर होता. म्हणाली, “क्लोडी, हे लोक मला वीस-वीस डॉलर घेऊन येतो म्हणतायत. जेवण तर तिकिटातच आहे ना?”

मी वाचलं आणि हसून हसून मला खुर्चीत बसावं लागलं. मग तिला समजावलं. जहाजावर जुगाराची मशिनं असतात. सगळ्यांनी सारखे पैसे घालायचे, एकच मशिन धरायचं, प्रत्येकाने ओळीने पाच-पाच वेळा खेळायचं आणि शेवटी जे उरेल ते सारखं वाटून घ्यायचं. यालाच स्लॉट पुल म्हणतात.

नॅननने आयुष्यात अशा मशिनला हात लावला नव्हता. पापबिप म्हणून नाही, चर्चच्या हौजीचे आकडे तीच पुकारायची. पण एकट्याने खुर्चीत बसून भिंतीकडे बघत बटण दाबायचं, यात मजा कसली, असं तिचं मत होतं. मी म्हटलं, लिहून टाक की गैरसमज झाला. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा सातवीत गेले.

“बावीस माणसांनी नाव दिलंय,” ती म्हणाली. “आणि ओळीनेच खेळायचंय ना? मग तुला वाटतं तेवढा गैरसमज झालेला नाही.”

निघेपर्यंत नावं अठ्ठावीस झाली. तिने कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे घेतले आणि त्यांवर जाड पेनने एक ते अठ्ठावीस आकडे घातले. चिमटा कॉलरला लावायचा, म्हणजे कोण कितवा यावरून वाद नको. अठ्ठाविसावा तिचा स्वतःचा. सतराव्या चिमट्यासमोर वहीत लिहिलं होतं: आल्सीड दुगा. मी विचारलं, नॉन्कना सांगितलंस का? ती म्हणाली, सांगायचं काय, नाव लिहिलंय. सतराच का, तर पहिल्याकडे सगळे बघतात, शेवटच्याकडेही बघतात. मधल्याकडे कुणी फार बघत नाही.

जहाज दुपारी सुटलं. मिसिसिपीतून समुद्राला लागेपर्यंत जहाजावरच्या जुगारखान्याला कुलूप असतं, तेवढ्या वेळात नॅनन तिथल्या व्यवस्थापक मुलीला जाऊन भेटली. मुलगी फिलिपिन्सची, नाव जोनालिन. काच पुसणाऱ्या पोऱ्यापासून कप्तानापर्यंत सगळ्यांना एकाच आवाजात ‘सर’ म्हणायची तिची सवय, पण नॅननशी बोलताना ती पहिल्याच भेटीत ‘मॅम’वरून ‘मिस नोलिया’वर आली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा ते अकरा एक मशिन राखून ठेवायचं ठरलं. कुठलं, एवढाच प्रश्न होता.

तिथे भिंतीएवढ्या पडद्यांची नवी मशिनं होती, त्यांवर ड्रॅगन नाचत होते. नॅनन सगळ्यांवरून एकदा फिरली आणि लिफ्टजवळच्या कोपऱ्यातल्या एका जुनाट मशिनपाशी थांबली. तीन चक्रं, त्यांवर चेरी आणि घंटा, आणि बाजूला खराखुरा लोखंडी दांडा. तो ओढायचा. जोनालिन म्हणाली, याच्याकडे कुणी फिरकत नाही. नॅननने दांडा डाव्या हाताने एकदा हलवून पाहिला आणि म्हणाली, “हेच.”

यावरून सकाळी पहिली ठिणगी पडली. मोबील गावचे मर्ल स्टकी म्हणून एक गृहस्थ होते. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, उंच, पाचव्यांदा स्लॉट पुलला आलेले. त्यांनी मशिन पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. हे भंगार आहे, म्हणाले, नेहमी ड्रॅगनवर खेळतात, जिंकायची शक्यता तिकडे जास्त, आकडेवारी आहे माझ्याकडे. नॅननने त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग त्यांच्या कॉलरला अठरा नंबरचा चिमटा लावला आणि म्हणाली, “मिस्टर स्टकी, याला पुल म्हणतात. पुल म्हणजे ओढणं. तिकडे ओढायला काय आहे, ड्रॅगनची शेपटी?”

लोक हसले. स्टकी हसले नाहीत, पण रांगेत उभे राहिले.

त्याआधी सकाळी खोलीत काय झालं ते मला माहीत होतं. नॅननने नॉन्कच्या उशाशी इस्त्रीचा शर्ट आणि सतरा नंबरचा चिमटा ठेवला होता. ती म्हणाली, दहा वाजता, पाचव्या मजल्यावर. नॉन्क बाल्कनीतून समुद्राकडे बघत होते. म्हणाले, नाव खोड. ती म्हणाली, मी पेनने लिहिलंय. आणि दार ओढून निघून आली.

खेळ सुरू झाला. नॅननने आधी नियम सांगितले. ढकलाढकली करायची नाही, दांडा ओढणाऱ्याच्या हातात पेला नको, आणि कुणाचं काही आलं नाही तर त्याला नावं ठेवायची नाहीत. वरून अठ्ठावीस नवऱ्यामुलांची मिरवणूक चालल्यासारखा उत्साह. टेक्सासची एक नव्वदीची म्हातारी पहिली होती. तिला दांडा ओढवेना, तर मागच्या दोघांनी तिच्या हातावर हात ठेवले आणि तिघांनी मिळून ओढला. पहिल्याच फटक्याला चेरी आली, सहा डॉलर. आरडाओरडा असा की ड्रॅगनवाले उठून बघायला आले. प्रत्येकाची दांडा ओढायची तऱ्हा वेगळी. कुणी डोळे मिटून, कुणी क्रूसाची खूण करून, एक शिक्षिका तर मशिनला आधी गुड मॉर्निंग म्हणाली.

सोळावा झाला. नॅननने पुकारलं, “सतरा.”

कुणी पुढे आलं नाही. तिने पुन्हा पुकारलं. मग वही छातीशी धरून नुसती उभी राहिली. दोन मिनिटं गेली. पाच गेली. मागे कुजबूज सुरू झाली. स्टकींनी घड्याळ पाहिलं. म्हणाले, अठरावा तयार आहे, अकरा वाजता मशिन सुटेल, सतराव्याला मागून घ्या.

“माझ्या रांगेत नंबर ओलांडत नाहीत,” नॅनन म्हणाली.

“पण तो आहे कोण? आजारीबिजारी आहे का?”

मी पुढे व्हायला निघाले, पण तिने वहीने मला अडवलं. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त थोडा हळू. म्हणाली, “माझा नवरा आहे. आजारी होता, आता बरा आहे. पण त्याची जीभ अडखळते, म्हणून तो तुम्हाला लाजतो. चौदा महिने झाले. मला वाटलं होतं, इथे त्याला ओळखणारं कुणी नाही, तर येईल.”

मागचे ड्रॅगन तेवढे वाजत होते. मला वाटलं, आता कुणीतरी ‘अरेरे’ म्हणणार आणि नॅनन वही मिटून निघून जाणार. तिला ‘अरेरे’ सहन होत नाही.

स्टकींनी घसा साफ केला. “खोली कितवी?” त्यांनी विचारलं.

“आठ हजार दोनशे चौदा.”

“मग चला. रांग मोडू नका,” ते मागे वळून म्हणाले. “नंबरानेच चला.”

जोनालिनने मशिनसमोर खुर्ची आडवी लावली आणि हाताची घडी घालून उभी राहिली. आम्ही निघालो. लिफ्टमध्ये सगळे मावेनात, निम्मे जिन्याने गेले, आणि आठव्या मजल्यावर पुन्हा नंबरवार उभे राहिले. अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना दारंच दारं, आणि कॉलरला कपड्यांचे चिमटे लावलेली सव्वीस-सत्तावीस माणसं. टॉवेलांची चळत घेऊन येणारा एक नोकर भिंतीला पाठ लावून उभाच राहिला. नव्वदीच्या म्हातारीला कुणीतरी खुर्ची आणून दिली.

स्टकींनी दार वाजवलं.

आतून काठीचा आवाज आला. बराच वेळ लागला. दार उघडलं आणि नॉन्क उभे राहिले, बनियनवर, केस विस्कटलेले. त्यांनी स्टकींकडे पाहिलं. मग मान बाहेर काढून बोळाच्या टोकापर्यंत रांग पाहिली. चिमटे पाहिले. शेवटी उभी असलेली नॅनन त्यांना दिसली की नाही, मला सांगता येणार नाही. जड जिभेने, एकेक शब्द उचलून ठेवत ते म्हणाले, “जहाज... बुडतंय की काय?”

सगळ्यांना कळलं. अगदी शेवटच्या माणसालाही. दुसऱ्यांदा विचारायची कुणालाच गरज पडली नाही.

“अजून नाही,” स्टकी म्हणाले. “पण तुम्ही आला नाहीत तर मिस नोलिया बुडवणार आहेत.”

बोळात जो हशा पिकला, त्याने समोरची दोन दारं उघडली. नॉन्कनी दार लावून घेतलं. हशा थांबला. मला वाटलं, संपलं. आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी धावणार, तर नॅननने मागूनच सांगितलं, कुणी आत जायचं नाही. चार-पाच मिनिटं आम्ही एका बंद दाराकडे बघत उभे. मग ते उघडलं. इस्त्रीचा शर्ट, एक बटण चुकलेलं, डोक्यावर ‘एस्टेल’ची टोपी, कॉलरला सतरा.

परत जाताना सगळी रांग नॉन्कच्या चालीने चालली. कुणी पुढे गेलं नाही. एवढा लांब बोळ मी आयुष्यात पाहिला नाही, आणि कुठला बोळ संपूच नये असंही मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

खाली मशिनपाशी जोनालिनने खुर्ची बाजूला केली. नॉन्कनी काठी माझ्याकडे दिली आणि डावा हात दांड्यावर ठेवला. बोटीवर जाळं ओढायच्या विंचचा दांडा ते असाच धरायचे, अंग थोडं मागे टाकून. ओढला. काही नाही. दुसऱ्यांदा, काही नाही. पाचही वेळा एक पैसा आला नाही. सगळे गप्प, कारण नावं ठेवायची नाहीत हा नियम. नॉन्क मागे वळले, एवढ्या माणसांकडे पाहिलं आणि म्हणाले, “इथे... मासा नाही. जाळं... दुसरीकडे टाका.”

टाळ्या अशा वाजल्या की जणू तिजोरीच फुटली होती.

मग अठरावे स्टकी. तिसऱ्या ओढीला तीन घंटा ओळीने लागल्या आणि मशिनवरचा दिवा फिरायला लागला. नऊशे डॉलर. स्टकी दांडा सोडायलाच तयार नव्हते, तसेच धरून उभे. त्यांच्या बायकोने नंतर सांगितलं की लग्नातसुद्धा त्यांनी एवढे दात दाखवले नव्हते. नॉन्क शेजारच्या स्टुलावरून म्हणाले, “मी... गरम करून दिलं... म्हणून.” स्टकींनी ते मान्य केलं नाही आणि तिथेच वाद सुरू झाला. नॉन्क वाद घालत होते! अडखळत, थांबत, हाताने हवेत चक्रं काढून दाखवत, आणि स्टकी मध्ये बोलले की डाव्या हाताने त्यांना थोपवत. मी नॅननकडे पाहिलं. ती वहीत काहीतरी लिहीत असल्याचं दाखवत होती. पेनाला टोपण होतं.

अकरा कधीच वाजून गेले होते, जोनालिनला घड्याळ दिसत नव्हतं. सगळ्यांत शेवटी अठ्ठावीस नंबर. सत्तावीस जणांनी एका सुरात पुकारलं. नॅननने वही मला दिली, हात स्कर्टला पुसले आणि आयुष्यात पहिल्यांदा दांडा ओढला. तीन डॉलर आले. तिने असा काही चीत्कार केला की मी या बाईला पंचेचाळीस वर्षं ओळखते यावर माझा विश्वास बसेना. उरलेल्या चार वेळांना काही आलं नाही, पण तिला ते कळलंच नसावं. वीस घातलेल्या प्रत्येकाला एकेचाळीस मिळाले. नव्वदीच्या म्हातारीने तिथल्या तिथे आपले एकेचाळीस जोनालिनच्या हातात कोंबले.

त्या रात्रीच्या जेवणाला नॉन्कनी वाढप्याला स्वतः सांगितलं, काय हवं ते. त्याने दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी हातातला काटा खाली ठेवला. नॉन्कनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. तरी त्याने चुकीचाच मासा आणला. नॉन्कनी तो खाल्ला आणि उरलेलं जेवण संपेपर्यंत त्या माशाला नावं ठेवली.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. नॅनन दर वर्षी जहाजावर रांग लावते, गेल्या खेपेला चोपन्न नावं होती आणि चिमटे कमी पडले. स्टकी नवरा-बायको गुड फ्रायडेला टिबोडोला येतात. अंगणात मोठ्या पातेल्यात तिखट पाण्यात क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातली नांग्यांची कोळंबी, उकळते, आणि वर्तमानपत्र पसरलेल्या टेबलाच्या दोन बाजूंना बसून नॉन्क आणि स्टकी हे दोघे बाप्ये जगातल्या कुठल्याही विषयावर भांडतात. नॉन्कची जीभ अजून जडच आहे. त्यांचा डॉक्टर म्हणतो, याहून फार सुधारणार नाही.

आणि चर्च. रविवारी प्रार्थना संपते साडेदहाला. नॉन्क पायऱ्यांवर काठी रोवून उभे राहतात, आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला थांबवून बोलतात. हवा, कोळंबीचा भाव, नव्या पाद्रीबाबांचे बूट. एकेका वाक्याला आता पूर्वीच्या तिप्पट वेळ लागतो, त्यामुळे सव्वाअकरा होतात. नॅनन गाडीत बसून असते. परवा मी तिच्या खिडकीशी गेले, तर तिने कपाळाला हात लावला. “भात थंड होतोय, शा,” ती म्हणाली. ‘शा’ म्हणजे लाडके. “कुणीतरी सांगा रे याला, आता पुरे म्हणून.”

मी म्हटलं, तूच हॉर्न वाजव.

तिने हात हॉर्नवर नेला. पायऱ्यांवर नॉन्क कुणाला तरी डाव्या हाताने लाटेची उंची दाखवत होते. नॅननने गाडीची किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, चप्पल काढली आणि पाय वर घेऊन आरामात बसली.